चाळीस जणांची वाहवा

बाजारपेठेत त्याला सगळे काटेवाला म्हणत. सव्वीस वर्षं तो वजनकाटे दुरुस्त करत आला होता. किराणा दुकानातले, औषधांच्या दुकानातले, सोनाराकडचे काचेच्या पेटीतले, गोदामात जमिनीत बसवलेले. सायकलच्या कॅरिअरला एक लाकडी पेटी बांधलेली असे आणि तिच्यात पितळी वजनं ओळीने बसवलेली. ती वजनं तो कधी उघड्या हाताने उचलत नसे, फडक्यात धरून उचले. बोटाचं तेलसुद्धा वजनात धरलं जातं, असं तो दुकानदारांना सांगे, आणि दुकानदार कौतुकाने मान हलवत. आधी पाणसळ ठेवून काटा समतल करायचा, मग पंखा बंद करायला लावायचा, मग वजन ठेवायचं. अर्ध्या ग्रॅमची चूकही त्याच्या नजरेतून सुटायची नाही. स्वभावच तसा होता. समोरचा बोलायला लागला की याचं मन आपोआप त्याच्या बोलण्यातली चूक शोधायला निघे.

बाजारात या गुणाला फारसा वाव नव्हता. तो सापडला त्याला फोनवर. 'कट्टा' नावाचं एक संकेतस्थळ होतं. तिथे रोज सकाळी कुणीतरी एक धागा उघडायचं: आजच्या बातम्या, हलक्याफुलक्या गप्पा. विज्ञान, नवी यंत्रं, इंटरनेटवर काय गाजतंय, असलं सगळं तिथे चघळलं जाई. समुद्राच्या तळाशी सापडलेल्या चमकत्या माशाचा फोटो खरा की संगणकाने बनवलेला, यंत्रमानवाने केलेला स्वयंपाक चवीला कसा लागत असेल, एक जुनी वेबसाइट बंद पडली तर तिच्यावरच्या लोकांच्या आठवणींचं काय. काटेवाला तिथे 'शंकासुर' या नावाने लिहीत असे. तो आला की लोक लिहायचे, "शंकासुर आले, आता बातमीची धडगत नाही." तो बातमीची पिसं काढायचा, आणि काढायचा मोठ्या मजेत. खाली टाळ्या पडायच्या. म्हणजे टाळीचं एक बटण होतं, ते लोक दाबत, आणि आकडा वाढत जाई. दुपारी डबा खाताना तो एका हाताने घास घेई आणि दुसऱ्या हाताने तो आकडा बघे. बायको म्हणायची, जेवण थंड झालं तरी तुमच्या टाळ्या गरम आहेत ना, मग झालं. तो हसायचा.

त्याची मोठी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तिनेच त्याला वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, काही वर्षांपूर्वी नवरा वारला, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. ताईने पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान थाटलं होतं. नवे कपडे ती शिवत नसे. पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, कंबर सैल करायची, एवढंच. पण हात इतका सफाईदार, की उसवलं कुठे आणि शिवलं कुठे, हे गिऱ्हाइकाला सापडायचं नाही. तिला भावाचं अपार कौतुक. शेजारीपाजारी कुणी काही विचारलं, नवा फ्रिज कुठला घ्यावा इथपासून ते चंद्रावर पाणी आहे का इथपर्यंत, की ती म्हणे, थांबा, भावाला विचारून सांगते.

त्या दिवशी कट्ट्यावर मनगटी घड्याळांची बातमी आली होती. हृदयाचे ठोके मोजणारी, ठोके चुकले की इशारा देणारी घड्याळं. असल्या इशाऱ्यांना घाबरून लोक दवाखान्यांत रांगा लावतायत आणि बहुतेकांना काहीच निघत नाही, असं बातमीत म्हटलं होतं. हा तर काटेवाल्याचा हातखंडा विषय. त्याने लिहिलं, सोनाराच्या दुकानात पंखा चालू असला तर पेटीतला काटासुद्धा खोटं बोलतो. इथे तर हात हलतोय, घाम येतोय, पट्टा सैल आहे, आणि त्यातून बोटभर काच सांगणार, तुमचं हृदय चुकतंय. उद्या चप्पल म्हणेल, तुमचं यकृत बिघडलं.

लोक खूश झाले. फक्त 'दुर्बीण' नावाने लिहिणाऱ्या एका बाईंनी आडवा पाय घातला. त्यांनी लिहिलं, मी हृदय तपासणीच्या खोलीत काम करते. बरेच इशारे खोटे निघतात, हे खरं आहे. पण खोटा आहे हे आलेख काढून ठरवायचं असतं, गप्पा मारून नाही.

काटेवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. औषधांच्या दुकानात काटा उघडून बसला होता, तो तसाच ठेवून त्याने उत्तर टाकलं: "दुर्बीणबाई, तुमचा दोष नाही. दुर्बिणीतून पाहिलं की मुंगीचाही हत्ती होतो."

त्या एका वाक्याला चाळीस टाळ्या पडल्या. दुर्बीणबाई पुन्हा काही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात ताईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा करून झाल्यावर तिने विचारलं, "अरे, ती हातातली घड्याळं असतात ना, ठोके मोजणारी, त्यांचं खरं असतं का रे?"

त्याला हसूच आलं. म्हणाला, "ताई, अगं आजच त्यावर लिहिलंय मी. पाठवतो, वाच." फोन ठेवून त्याने तिला तो धागा पाठवला, आणि खाली लिहिलं: वाच, चाळीस जणांनी वाहवा केलीय. मग त्याने काट्याचं झाकण लावलं, दुकानदाराची सही घेतली आणि पुढच्या कामाला लागला.

एकोणीस दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, एक गिऱ्हाईक पॅन्ट न्यायला ताईकडे आलं. ताई मशीनपाशी बसलेली होती, पण एका बाजूला कलंडून. डोळे उघडे, तोंड वाकडं, उजवा हात मांडीवर पडलेला. शब्द फुटत नव्हता. गिऱ्हाइकाने धावपळ करून तिला दवाखान्यात पोचवलं आणि तिच्याच फोनवरून काटेवाल्याला कळवलं.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. ठोके अनियमित पडत असले की हृदयात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकते. जिवावरचं हातावर निभावलंय, म्हणाले. वाचा हळूहळू येईल, हाताचं आत्ताच सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, आधी काही लक्षणं, काही तक्रार? वेळीच कळलं असतं तर एका गोळीवर बरंच टळलं असतं.

काटेवाला म्हणाला, तशी काही तक्रार नव्हती. म्हणताना त्याला ते खरंच वाटत होतं. फोनवरचा तो प्रश्न त्याला आठवलाही नव्हता.

आठवला तो संध्याकाळी. भाची धावतपळत आली, आईला पाहिलं, बाहेर येऊन बाकावर बसली आणि आईचा फोन उघडून कागदपत्रांचे फोटो शोधू लागली. मध्येच थांबली. म्हणाली, "मामा, मी आईला वाढदिवसाला घड्याळ पाठवलं होतं. ते इथे सगळं नोंदवतं. हे बघ, पंधरा दिवसांत चार इशारे आलेत. ठोके अनियमित, डॉक्टरांना भेटा. आणि त्यानंतर काहीच नाही. एकोणीस दिवस झाले, तिने घड्याळ हातात घातलंच नाहीये. काढून का ठेवलं असेल रे?"

एकोणीस दिवसांपूर्वीच ताईचा तो फोन आला होता. घड्याळ आहे हे त्याला माहीतच नव्हतं. बहिणीने पट्टा लांब बाहीखाली झाकला होता, की तो तिच्याकडे गेलाच नव्हता बरेच दिवस? दुसरंच खरं होतं. एकाच गावात राहून महिनाभर तो तिच्याकडे फिरकला नव्हता.

"काय माहीत," तो म्हणाला.

भाची औषधं आणायला खाली गेली. जाताना आईचा फोन त्याच्या हातात देऊन गेली. तो बाकावर बसला. समोर एक बाई फरशी पुसत होती, तिने पाय वर घ्यायला सांगितलं, त्याने घेतले. मग त्याने ताईच्या फोनमधला आपला निरोप उघडला. वाच, चाळीस जणांनी वाहवा केलीय. त्याखाली ताईचं उत्तर होतं, जे त्याने तेव्हा धड वाचलंही नव्हतं: वाचलं. दोनदा वाचलं. किती छान लिहितोस. जिवात जीव आला.

जिवात जीव आला. त्याने ते तीन-चारदा वाचलं. मग लिफ्टचा आवाज आला, आणि त्याने दोन्ही निरोप पुसून टाकले. आधी आपला, मग तिचा. भाची आली तेव्हा त्याने फोन तिच्या हातात दिला.

ताई तेरा दिवसांनी घरी आली. भाचीने कामावरून रजा घेतली आणि आईजवळ राहिली. काटेवाला आता रोज जात होता. फळं न्यायचा, औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचा, ताईला धरून अंगणापर्यंत चालवायचा. शेजारणी म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. हे ऐकलं की त्याला तिथून पळून जावंसं वाटे. एकदा भाचीही म्हणाली, मामा, तू होतास म्हणून निभावलं. त्या दिवशी तो कामाला गेला आणि किराणा दुकानदाराच्या काट्यावर पितळी वजन उघड्या हाताने ठेवून मोकळा झाला. दुकानदारानेच हटकलं, काय हो, आज फडकं कुठं?

घरी त्याचं जेवण तुटलं. बायकोने विचारलं, बहिणीची काळजी वाटते का. तो हो म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. काळजीबद्दल तो बायकोशी बोलू शकला असता. हे दुसरं काहीतरी होतं, त्याला वाचा नव्हती.

त्याने कट्ट्यावरचा तो धागा पुन्हा उघडला. आपलं म्हणणं चुकीचं होतं का, हे त्याने प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. पट्टा सैल असला तर मोजणी चुकते, हे बरोबर. बहुतेक इशारे खोटे निघतात, हेही बरोबर. ओळ न् ओळ बरोबर होती, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. चूक सापडली असती तर ती कबूल करून सुटता आलं असतं. मग दुर्बीणबाईंचं वाक्य त्याने वाचलं. त्या दिवशी त्याने त्यात फक्त आपल्याला मारलेला टोमणा पाहिला होता. खरं तर त्या त्याच्याशी भांडतच नव्हत्या. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात असं घड्याळ असेल, तर त्याच्याशी त्या बोलत होत्या. आणि त्याने चाळीस जणांसमोर त्यांना गप्प केलं होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी त्याने कट्ट्यावरच लिहून टाकलं. अनोळखी माणसांसमोर सोपं जाईल असं त्याला वाटलं असावं. बहिणीचं सगळं लिहिलं, धागा पाठवल्याचं लिहिलं. निरोप पुसल्याचं मात्र लिहिलं नाही.

तासाभरात खाली सांत्वनाची रीघ लागली. शंकासुरजी, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काय डॉक्टर आहात का. तुमचा मुद्दा आजही योग्यच आहे. इतक्या मोकळेपणाने लिहायला धैर्य लागतं. पुन्हा टाळ्या पडू लागल्या, पहिल्यापेक्षा जास्त. तो आकडा वर सरकताना त्याने पाहिला. बहीण मरता मरता वाचली आणि त्यावरसुद्धा आपण वाहवा मिळवली, असं त्याला वाटलं. त्याने फोन पालथा ठेवला.

दुपारी पाहिलं तर दुर्बीणबाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. ताईंचा हात कोणता गेला? बोटांचे व्यायाम सुरू केलेत का, पहिले तीन महिने फार महत्त्वाचे असतात. आणि शेवटी: हे घरी सांगितलंत का?

त्याने टोमणा शोधला. सापडला नाही.

तो तसाच उठला आणि ताईकडे गेला. ताई पुढच्या खोलीत मशीनशेजारच्या खुर्चीवर बसली होती. भाची तिच्या बोटांना तेल लावत होती. मशीनवर कापड झाकलेलं होतं, आणि गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे चिठ्ठ्या लावून खुंटीला टांगलेले. काटेवाला दारातच उभा राहिला, कारण बसलो तर सांगायचं राहून जाईल अशी त्याला भीती वाटली. ताईने त्या दिवशी केलेला फोन, आपलं हसणं, तो धागा, सगळं त्याने सांगितलं. मग भाचीकडे वळून म्हणाला, "आणि दवाखान्यात तू मला विचारलंस तेव्हा मला कळलं होतं. काय माहीत म्हणालो ते खोटं होतं. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा ताईच्या फोनमधून मी ते निरोप पुसले."

भाचीचा हात थांबला. मग तेलाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "लिहिलंस ते ठीक आहे, मामा. कुणीही लिहितं. पण मी दोन महिने स्वतःला दोष देतेय, की घड्याळ कसं वापरायचं ते आईला मी नीट शिकवलं नाही. तुझ्यासमोर रडले मी. तेव्हाही तू गप्प बसलास." आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्या अपराधाचं ओझं तो एकटाच वाहतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात त्यातलं अर्धं त्याने त्या पोरीच्या डोक्यावर दिलं होतं.

ताईचं बोलणं अजून जड होतं. एकेक शब्द ती शोधून शोधून आणायची. तिने त्याला समोरच्या स्टुलावर बसायची खूण केली. म्हणाली, "मला जायचंच नव्हतं डॉक्टरकडे. भीती वाटत होती. तू उलटं लिहिलं असतंस, तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं." ती थांबली, दम घेतला. त्याला वाटलं, झालं, ताईने नेहमीसारखं पदराखाली घेतलं. पण तिचं संपलं नव्हतं. "फक्त एक सांग. मी कधी स्वतःहून घड्याळाबिड्याळाचं विचारते का रे? मी विचारलं, तर का विचारतेस म्हणून तू का नाही विचारलंस?"

दुकानदाराचा काटा जरा हलला तरी तो विचारायचा, पंखा चालू आहे का, टेबल डुगडुगतंय का, कधीपासून असं होतंय. बहिणीला त्याने काहीच विचारलं नव्हतं. तो मान खाली घालून बसून राहिला. ताईने डाव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, पण उत्तर नको असं काही ती म्हणाली नाही.

पुढे दोन महिन्यांनी भाची आईला आपल्याकडे घेऊन गेली. दुकान बंद करायचं ठरलं. टांगलेले कपडे काटेवाल्याने चिठ्ठ्या वाचून घरोघर परत दिले. काहींनी विचारलं, ताई पुन्हा कधी सुरू करणार. तो सांगायचा, उजवा हात गेला, आता नाही होणार. हे वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने एकवीस घरी म्हटलं. बायकोला हे काम त्याने करू दिलं नाही. तोवर तिलाही त्याने सगळं सांगितलं होतं. ती ऐकून एवढंच म्हणाली होती, जेवा आधी.

आता तो महिन्यातून दोनदा बसने चार तास प्रवास करून ताईकडे जातो. कट्ट्यावर फारसा लिहीत नाही. वाचतो कधीमधी. दुर्बीणबाईंना त्याने खाजगीत माफीचं पत्र लिहिलं, त्याला त्यांनी बोटांच्या व्यायामांची एक यादी पाठवून उत्तर दिलं, आणि ती यादी भाचीच्या स्वयंपाकघरात लागली. भाची सुरुवातीला दार उघडून पाणी ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. मामा म्हणायची, पण त्यात पूर्वीचा सूर नव्हता. तो तक्रार करत नसे. कशाच्या जोरावर करणार?

ताईची वाचा बरीच सुटली. डाव्या हाताने ती आता बटणं लावते, टाका वाकडा पडला की स्वतःच उसवते. उजव्या हाताची बोटं अर्धी मिटतात, त्यापुढे नाही.

गेल्या खेपेला तो गेला तेव्हा भाची फोन घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. बऱ्याच महिन्यांत असं पहिल्यांदाच. म्हणाली, "मामा, हातात ताकद आणणाऱ्या एका नव्या यंत्राची बातमी आलीय. तू वाचलीस का? खरं असेल का हे?"

त्याने बातमी वाचली होती. त्यातल्या तीन कच्च्या जागाही त्याच्या लक्षात आल्या होत्या, आणि त्यातली एक अशी होती की कट्ट्यावर तिने धमाल उडवली असती. "वाचलीय," तो म्हणाला. "पण यातलं मला कळत नाही. डॉक्टरांकडे कधी जायचंय? मी काम बंद ठेवून येतो."

भाचीने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मंगळवारी. दहाला."

मंगळवारसाठी तो आदल्या दिवशीच जाऊन राहिला. डॉक्टरांच्या खोलीबाहेर तिघं ओळीने बसली. ताई मधे. भाचीने आईचे सगळे कागद एका पिशवीत घातले होते, ती पिशवी तिने न विचारता मामाच्या मांडीवर ठेवली आणि पाण्याची बाटली भरायला गेली. ताईला डुलकी लागली, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. हलणं शक्य नव्हतं. नंबर यायला अजून वेळ होता. कागद क्रमाने लावलेत की नाही, ते तो एका हाताने तपासू लागला.